चौथ्याआधी पाचवं

खाटकाने दिलेलं कॅलेंडर फ्रिजवर.
जुलैच्या चौकोनांत तिळाएवढी जागा नाही:
सोमवारी गायनवृंद (मी फक्त ओठ हलवते),
बुधवारी दीपगृहांच्या भिंगांवर व्याख्यान,
शुक्रवारी नगर-नाट्यगृह, तिसरा मजला, खांबामागची खुर्ची,
पेन्शनवाल्यांना अर्ध्या दरात अर्धंच नाटक.
शनिवारी कुणा कुंभारणीच्या प्रदर्शनाचं उद्घाटन.
तिथे वाइन बरी असते. मडकी नसतात.

ओफेलिया म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी.
ओफेलिया माझी नणंद, तिला हक्क आहे.
मिल्टन होता तेव्हा आम्ही कुठे जायचो?
रविवारी किनाऱ्याच्या कठड्यापर्यंत,
बगलेत थर्मास, हातात माते चहाचा तुंबा.
पाण्याकडे बघून तो म्हणायचा, "आज नदी आहे,"
किंवा, "आज समुद्र."
रंगावरून ठरवायचा.
मग परत.

मंगळवारी सिनेमा. चारचा खेळ.
दक्षिणेचा वारा असा, की बसथांब्यावर
माणसं एकमेकांच्या आडोशाला उभी.
ग्रासिएलाने मफलर पसरून जागा धरलेली.
मोंतेविदेओत संस्कृती स्वस्त आहे, गॅस महाग,
म्हणून थिएटरात सगळे कोट घालून बसलेले.
एकूण एकोणीस. मी मोजते.
औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं गल्ला मोजला,
बोटांना चैन पडत नाही.

जुना चित्रपट, हंगेरीकडचा, नाव तेव्हाच विसरले.
एक घड्याळजी, त्याची बायको, बर्फ.
घड्याळजी मरतो.
खांदेकरी घसरतात, पेटी कलते, कुणी हसत नाही.
बायको घरी येते, दिवा लावते,
त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवते.
मग पडद्यावर एक उडी, एक पांढरा ठिपका,
आणि दार ढकलून घड्याळजी आत येतो,
टोपी झटकतो,
विचारतो, सूप आहे का.

ती वाढते.
किंकाळी नाही, काही नाही.
मिठाचं भांडं त्याच्याकडे सरकवते.

एकोणीस जणांत एक खुर्ची करकरली नाही.
मला तर वाटलं, असंच असतं.
पहिल्या हिवाळ्यात मीही तुंबा भरून
कठड्यावर उजवीकडे ठेवायचे,
निवेपर्यंत थांबायचे,
मग ओतून द्यायचे. नदी असो, समुद्र असो.

नंतर समोरच्या बारमध्ये चर्चा.
प्राध्यापक बेर्रुत्ती म्हणाले, काळाची मोडतोड.
ग्रासिएला म्हणाली, विधवेचं मन, दुसरं काय.
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.
कुणीतरी एका फ्रेंच तत्त्वज्ञाचं नाव काढलं,
ते पिझ्झा येईपर्यंत टेबलावर पडून राहिलं.

तेवढ्यात एसेकिएल आला, यंत्रावर बसणारा पोरगा,
कान लाल, टोपी हातात:
माफ करा. चौथ्याआधी पाचवं रीळ लागलं.
गुरुवारी परत दाखवतो. क्रमाने. फुकट.

बेर्रुत्ती ताटलीत बघत राहिले.
ग्रासिएला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.
मीही हसले. पास घेतला, घडी घातली.

गुरुवारच्या चौकोनात जुने नकाशे होते, पाच वाजता.
खोडायला पेन्सिल उचलली,
मग तिनेच दात कोरत बसले.

पास ओफेलियाला दिला.
ती क्रमाची माणूस. दर महिन्याच्या नऊ तारखेला
भावाच्या थडग्यावरची फुलं बदलते, चुकत नाही.

गुरुवारी रात्री तिचा फोन.
चांगला आहे, म्हणाली, पण शेवट भारी ओढलाय.
तो मेल्यावर पुढे काही होतच नाही.

हो का, म्हटलं.

तारेत थोडा वेळ तिचा श्वास.

उद्या नाटक आहे, मी म्हटलं,
खांबामागे दोन खुर्च्या आहेत. येतेस?

ती म्हणाली, खांब केवढा आहे?