एकही डिस्क सापडली नाही

निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
या संगणकात एकही हार्ड डिस्क सापडली नाही.
बाहेर पडायला एफ-थ्री दाबा.

सापडली नाही म्हणे.
अरे, हात लावून बघ की,
कोमट आहे ती, तळव्याखाली घरघरतेय
दूध प्यालेल्या मांजरीसारखी.

हॅलिफॅक्स. जुन्या गिरणीचं तळघर.
वरच्या वीतभर काचेतून
जाणाऱ्यायेणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात, भिजलेले.
डेस्मंड थॅकरेचा नमुन्यांचा माग आठ दिवस मुका उभा.
त्याला बोलता येतं ते फक्त एक्सपीशी.
मागाची कंपनी बुडाली, एक्सपीला कुणी वाली उरला नाही,
आणि ज्या डब्यात दोघांचं कसंबसं जमत होतं
त्यानं गेल्या सोमवारी धूर सोडला.
हा नवा. म्हणजे डेस्मंडच्या भाचीनं टाकून दिलेला,
आमच्यापुरता नवा.

केबल काढली, फुंकर मारली, लावली.
दुसऱ्या खाचेत लावली.
केबलच बदलली.
सापडली नाही.
एफ-सिक्स दाबून ड्रायव्हर देऊ म्हटलं,
तर म्हणतो, फ्लॉपीतून द्या.
डेस्मंडनं कपाटातून खरंच एक काढून दिली,
वर त्याच्या बायकोच्या अक्षरात ‘नाताळची यादी, ९८’.
पण घालू कुठे? या डब्याला ते तोंडच नाही.
फ्लॉपी त्यानं परत घेतली, बाहीला पुसली, जागेवर ठेवली.

मग बायोसमध्ये उतरले.
तिथं होती की ती!
नाव, गाव, पाचशे जीबी, सगळं नीट नोंदलेलं.
म्हणजे घराला ठाऊक आहे,
दारात आलेल्यालाच दिसत नाही.
खाली एक ओळ: साटा मोड, एएचसीआय.
बाण खाली. आय-डी-ई.
म्हणजे डिस्कला सांगायचं, बाई गं,
तुझा वेग, तुझ्या नव्या रीतीभाती ठेव जरा बाजूला,
वीस वर्षांपूर्वीच्यांसारखी वाग.
तो तुला तेवढीच ओळखेल.

एंटरवर बोट ठेवून थांबले.

सांगलीला, ताटातल्या तांदळात
अंगठीच्या टोकानं एक नाव लिहिलं होतं. रेवा.
चांगलं नाव. हौसेनं निवडलेलं.
तांदूळ नंतर कुणीतरी डब्यात ओतले असतील,
भातही झाला असेल त्यांचा.
पुढं बँकेत, विद्यापीठात, इथं दवाखान्याच्या खिडकीशी
वैजयंती शोधली की उत्तर यायचं:
अशी कुणी नोंद नाही.
आणि मी समोर उभी,
कोमट.

मागच्या हिवाळ्यात लीड्स स्टेशनात
कुणीतरी पाठीमागून ओरडलं, ‘वैजू! ए वैजू!’
बाकावरची मंदा केळुसकर, केस पिकलेली.
वळायच्या आधीच मी ओ दिली होती.
कोण दिली, कुठून दिली,
इतकी वर्षं ती कुठल्या खाचेत बसून होती,
देव जाणे.

एंटर. सेव्ह. पुन्हा सुरू.
डेस्मंड चहाचे दोन मग घेऊन जिन्यात थबकलेला.
निळा पडदा, ठिपके, ठिपके, आणि मग
न विभागलेली जागा: ४७६९३८ एमबी.

‘काय केलंस?’
‘म्हातारं असल्याचं सोंग घ्यायला लावलं तिला.’
‘मला नाही लागत घ्यावं,’ तो म्हणाला.

सहाला माग खडखडला.
पहिली चार बोटं कापड तिरकं आलं, मग सरळ.
मी बजावलं, इंटरनेटची तार चुकूनही लावायची नाही,
बाहेरच्या जगाचा वारा सोसणार नाही याला.
डब्याच्या झाकणावर लोकरीची धूळ बसली होती.
तिच्यात बोटानं लिहिलं,
शेवटची वेलांटी जरा लांबली.

‘हे काय?’
‘डिस्कचं नाव.’
‘मग पुसत नाही,’ तो म्हणाला,
आणि हातातलं फडकं खिशात कोंबलं.