पोचा

त्या रात्री पाऊस होता, पण नेहमीसारखाच.
अकरा वाजून बारा मिनिटांनी फोनवर आलं:
गंगापूर धरणाला भगदाड. तासाभरात भांडीबाजार पाण्याखाली.
पुढे तीन उद्गारचिन्हं,
खाली कुठल्याशा साहेबांचं नाव, जे साहेब नव्हतेच.
मी वाचलं अर्धं, पाठवलं पूर्ण.
अंगठ्याचं काय, उतार दिसला की तोही पाणीच.

माझं औषधांचं दुकान.
माझ्या हातची गोळी लोक नाव न वाचता गिळतात.
दगूतात्या कासारांच्या सुनेनं वाचून दाखवलं,
"अभिमनशेठकडून आलंय"
आणि तात्या अंथरुणातून उठले.
वीज गेलेली. एकेक हंडा माळ्यावर.
सातवा हंडा आणि तात्या बरोबरच खाली आले.
हंड्याला पोचा. तात्यांचा खुबा.

धरण जिथल्या तिथं होतं.
काठावर दुतोंड्या मारुती
घोट्याएवढ्या पाण्यात उभा.
दोन तोंडं आहेत त्याला,
पण कमरेला पाणी म्हणजे कमरेलाच.

सकाळी मी लिहिलं, चुकून गेलं, माफी असावी.
नऊ जणांनी पाहिलं.
एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

तात्या रागावले नाहीत. खाटेवरून हंडा दाखवला.
"निघतो पोचा. पण आतून ठोकावा लागतो.
बाहेरून मारशील तर आणखी खोल जाईल."

मग मी खडू घेतला.
रोज पहाटे घाटावर जायचं,
येऊन दुकानाच्या फळीवर लिहायचं:
पाणी गुडघ्याखाली. सहा चाळीस. स्वतः पाहिलं. अभिमन देवरे.
आठवडाभर कुणी मान वळवली नाही.
एकदा खाली कुणीतरी लिहून गेलं: फेकू.
ते मी पुसलं नाही.

पोळ्याच्या आसपास मी लिहिलं, मांडीपर्यंत.
रज्जाक हातगाडी थांबवून म्हणाला,
"मांडी कुठली शेठ, गुडघाच आहे.
तुम्ही वरच्या पायरीवरून बघता, चप्पल भिजू नये म्हणून."
गेलो. उतरलो. भिजलो. गुडघाच होता.
फडका हातात घेतला होता, तो खाली ठेवला.
'मांडी'वर आडवी रेघ मारली, शब्द दिसत राहील अशी.
शेजारी: गुडघा. चूक माझी. दुरुस्ती रज्जाकची.

त्या दिवशी फुलांच्या पाट्या घेऊन चाललेल्या दोघी
फळीपाशी थांबल्या. रेघ वाचली.
एक हसली. पण थांबल्या.

काल रात्री पुन्हा आलं. तेच धरण, तेच साहेब,
या वेळी उद्गारचिन्हं पाच.
तात्यांची सून छत्रीशिवायच आली,
फोन माझ्यापुढे धरून: "खरं का हो?"
खरं म्हणजे माझ्या तोंडात 'नाही' आलं होतं, तयार.
म्हणालो, माहीत नाही.
बॅटरी घेतली.
ती म्हणाली, मीही येते.
चप्पल मी दुकानातच काढली.
घाटावर खाली, अगदी शेवटच्या पायरीवर,
आधीच कुणाचा तरी उजेड हलत होता.