निळ्याचा स्लायडर

प्रदर्शनाची अट एकच : सगळं कृष्णधवल.
म्हणून बसलोय सक्करदऱ्याच्या दुकानात, शटर अर्धं ओढून.
मे महिना, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास,
आणि पडद्यावर कुही तालुक्यातली बारा जुनी बांधकामं
एकेक करून रंग उतरवून ठेवतायत.

सोपं असतं.
लाल खाली ओढला की कौलं काळवंडतात,
पिवळा चढवला की गवत पिकतं,
नारिंगीला जरा हात लावला तर मातीच्या भिंतीत
आतून कुणी कंदील ठेवल्यासारखं.
धान्याचं कोठार झालं. नॅरोगेजचं स्टेशन झालं,
त्याच्या पाटीवरचं नाव रंगात वाचता येत नव्हतं, आता येतं.
डाकबंगला रंगात नुसताच पडका होता,
राखाडीत एकदम खानदानी.
तेव्हा मला माझाच थोडा संशय आला.

मग कोंडवाडा.
दगडी, छातीइतका उंच, फाटकाला गंजलेलं कुलूप
आणि कडेच्या खोलीची भिंत निळी.
चुन्यात नीळ कालवून दिलेली फिकी नव्हे,
डब्यातला, विकत आणलेला निळा.

वर ओढला : भिंत पांढरी. कुणाचीही.
खाली ओढला : जळाल्यासारखी.
मधे ठेवला तर शेजारच्या मातीत मिसळून गेली,
कुठं संपते तेच कळेना.

खोली ज्यांनी उघडून दाखवली होती
त्या दसरूजी खोब्रागड्यांना फोटो पाठवला.
लगेच फोन.
"निळं कायले काढलं जी?"
म्हटलं, जुनं दिसावं म्हणून.
"जुनं तं आहेच ना ते. माह्या बापानं लावलं.
डबा पुरला नाही, वरचा पट्टा राहून गेला,
थो बी दिसून नाही राहिला तुमच्यात."

बाप कोंडवाड्याचा राखणदार.
भटकी ढोरं कोंडायची, पावती फाडायची.
मालगुजाराच्या बैलाची फाडायची नाही,
हा कायदा कुठंच लिहिलेला नव्हता.
त्या साली दसऱ्याला पांढरे कपडे घालून
पायी नागपूरला गेला, चौथ्या दिवशी परत आला.
"कन्व्हर्ट होऊन," दसरूजी म्हणाले,
बाजार करून आल्यासारखं.
"बाप तिकडं होता अन् मी इकडं झालो."
दिवाळीच्या आत मालगुजाराचा बैल फाटकाच्या आत होता.
दंड आठ आणे. खाली सही.
अंगठा नाही, सही.
निळा डबा त्यानंतर आला.

त्या दिवसाचा बापाचा फोटो आहे का, मी विचारलं.
"नाही जी. असता तं तुमचं काम सोपं होतं,
पांढरेच कपडे."
आणि हसले, खोकला येईपर्यंत.

फोन ठेवला. पडद्यावर चौकट उघडीच होती :
कन्व्हर्ट टू ब्लॅक अँड व्हाइट? हो. नाही.
याच शहरात बसून
रोज पन्नास वेळा मी हा शब्द दाबत आलोय,
एकदाही न वाचता.

अकरा पाठवले. आयोजकांचा निरोप आलाय, एक कमी आहे.
बारावा मी मोठा करत करत पाहतोय, रंगासकट.
वर जाताना ब्रशचे फराटे विरळ होत गेलेत,
मग नुसते केस उमटलेले,
आणि सगळ्यात वर, हात पुरला तिथवर,
कोरडा ब्रश,
तरी ओढलेला.