पत्ता विचारताना

तापकीर गल्लीतून आणलेला जुना पेन ड्राइव्ह,
टोपण हरवलेला,
अंगावर नेलपॉलिशने लिहिलेलं 'लेखा'.
आत निघाले कुठल्याशा लग्नाचे चारशे फोटो.
नवरदेव प्रत्येकात घड्याळ बघतोय.
पुसले.

त्याआधी ड्राइव्हचं नाव तीनदा वाचलं.
मागच्या जूनमध्ये एकच अक्षर चुकलं
आणि धायगुडे सरांची अख्खी नववी
नापास न होता नाहीशी झाली.

लिहायचं तरी किती? जेमतेम एक मेगाबाइट.
विंडोज नाही, लिनक्स नाही,
विचारायचं कसं, एवढंच.

येरवड्याच्या या शाळेत बावीस मशिनं,
एकाच्याही पोटात हार्ड डिस्क नाही.
पहिल्याला ड्राइव्ह लावला, एफ-बारा दाबत राहिलो.
काळ्या पडद्यावर एक टिंब. मग दुसरं.
तारेत ते ओरडत असणार :
मला नंबर आहे, पत्ता नाही,
कुणी आहे का?

पुण्यात पत्ता विचारला
की समोरचा आधी आपल्यालाच वाचतो,
चपलेपासून वर.
कोपऱ्यातला धुळकट सर्व्हर
नुसता आकडा देतो
आणि म्हणतो, ये, ने काय हवं ते.

सहावीतली इशरत केव्हाची बोट टेकवून बसलेली.
"सर, आता काढू?"
काढ म्हटलं. सगळं आत गेलंय.
तिनं गरम ड्राइव्हवर फुंकर मारली,
पुढच्या मशिनकडे सरकली.

एकवीस राहिली होती,
आणि दारात लांडगेमामा
किल्ल्या वाजवत उभे.