सहावं दार

दारं फुगलेली, कडा पोपडलेल्या.
लाकडगंजच्या मिस्त्रीनं सांगितले अठरा हजार.
मी म्हटलं, चहा तर घ्या.

मग इतवारीतून
सनमायकाचा उरलासुरला तुकडा आणला,
पिस्ता रंग, एक कोपरा फुटका.
मे महिन्यात फेविकॉल लावता लावता वाळतो.
कूलर बंद ठेवला, धूळ नको म्हणून.
पाच दारं झाली.

सहाव्याला पुरला नाही.
ते उलटंच बसवलं, आतली बाजू बाहेर.
तर तिथं यांच्या बॉलपेननं:
सिलिंडर लावला ११ जून. ३४ दिवस.
लावला १५ जुलै. ३८ दिवस.
लावला २२ ऑगस्ट.
पुढं काही नाही.

शेजारच्या कुंदा बोंद्रे म्हणाल्या,
थिनरनं निघते ना बाई हे.
हो बाप्पा, म्हटलं,
थिनरच संपलं.