मोराचं कार्ड

नानांना म्हणालो, कार्ड घ्यायचंय.
म्हणाले, पुठ्ठा कुठला वापरणार?
सदतीस वर्षं जकार्डची कार्डं पाडली त्यांनी,
भोक असेल तर धागा वर,
नसेल तर खाली.
दुसरं कार्ड त्यांना ठाऊकच नाही.

हे कॉम्प्युटरच्या पोटात बसतं, मी सांगितलं,
व्हीसीआरची पिवळी पिन मागून खोचायची,
की चित्र आत येतं.
"आणि थांबतं का?"
एवढंच विचारलं त्यांनी.
कारण व्हीसीआरवर पॉज दाबला की चित्र थरथरतं,
खालच्या कडेला पांढरी पट्टी नाचते
आणि मोर मोजता येत नाही.

मोर विजयाक्काच्या लग्नातला.
स्टेजमागं चादर लावलेली, नानांच्या डिझाइनची.
तिची कार्डं, अकराशे चाळीस, दोरीत ओवलेली,
कारखाना विकला तेव्हा रद्दीत गेली, किलोच्या भावानं.
चादर कुणाच्या घरी विरली, माहीत नाही.
कॅसेट तेवढी राहिली,
तिच्याही कडेला बुरशीचा पांढरा दोरा दिसायला लागलाय.

नवी पेठ. महांतेश बिराजदारनं
काउंटरवर तीन डबे मांडले.
साडेतेराशेचा.
एकवीसशेचा, रिमोट आणि एफएमसकट.
आणि साडेसहा हजारांचा, जो तो बोलता बोलता
बाहीनं पुसत होता.
"हे स्वतःच चित्र दाबून बारीक करतंय की वो,
तुमच्या प्रोसेसरला घाम नाही."

माझा सेलेरॉन. रॅम दोनशे छप्पन.
डिस्कवर नऊ जीबी मोकळी.
बोर्डावर एकच स्लॉट रिकामा,
शेजारच्यात मॉडेम, फोनचं बिल थकल्यापासून मुका.
"स्वस्तातलं घेतलं तर फ्रेम गळणार.
सांगून ठेवतो. मग भांडायला येऊ नका."

बाहेर येऊन चहा घेतला.
साडेसहा हजार म्हणजे अम्माच्या किती विड्या,
हा हिशेब सुरू केला
आणि निम्म्यात सोडून दिला.
मग सुचलं, गळू दे की!
बँड गळू दे, आहेर गळू दे,
पंगतीतले ते बुंदी वाढणारे सगळे गळू देत.
मला तीन तासांचं लग्न कुठं हवंय,
मला हवाय एक न हलणारा मोर.

साडेतेराशेचं घेतलं.
महांतेशनं स्क्रू फुकट दिला.

रात्री लाइट आल्यावर, साखर पेठेत,
नाना स्टूल ओढून मॉनिटरला नाक लावून बसले.
मोर आला. थांबला.
पण चादर वाऱ्यावर हलत होती त्या क्षणी
आणि मोराच्या पिसाऱ्याला बारीक दात फुटले,
एक ओळ इकडं, एक ओळ तिकडं.
मी समजावायला लागलो:
टीव्हीचं चित्र दोन खेपांत येतं,
आधी विषम ओळी, मग सम…
"फणी," नाना म्हणाले.
"एक आड एक धागा उचलतोय. पुढं बोल."
पुढं बोलायला माझ्याकडं काही नव्हतं.

वारा पडला ती फ्रेम आम्ही शोधली.
आलेखाची वही, लाल पेन्सिल,
पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे एक चौकट.
शेपूट उतरली. पोट उतरलं.
मानेपाशी हात थांबला.
मानेसमोर कुणीतरी उभं होतं,
हिरव्या साडीत, पाठमोरं,
फोटोवाल्याला काहीतरी सांगत.
मी फ्रेम पुढं नेली, मागं नेली,
चाळीस, पन्नास, मध्ये गळलेल्या असतील तेवढ्या वेगळ्या.
बाई हलेना.

दारात अम्मा, मांडीवर सूप, हातात कात्री.
मान वर न करता म्हणाली,
"तेव्हाच सांगायचं की, सरक म्हणून."

नाना बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.
"जरा मोठं कर," म्हणाले.
मी मोर मोठा करायला लागलो.
"तो नव्हे. काठ.
हिच्या साडीचा काठ बघू दे,
ही कार्डं कुणी पाडलीत?"