लाभ, दोन, तीन

सहावी ब, अमळनेर. पंखा बंद.
फळ्यावर मी लिहितो 'बॅग'
आणि तिच्या शेपटाला एस लावतो.
"एकाहून जास्त झालं की हा येतो," सांगतो,
"गोण्या दोन असोत की दोनशे,
हा येतो एकदाच."

पोरं वह्या भरतात. कॅप्स, पेन्स, गोट्स.
'बस'पाशी अडतात,
स वर स चढत नाही, जीभ घसरते.
"नाला ओलांडताना मध्ये दगड टाकतो ना,
तसा ई टाका." बसेस. बॉक्सेस.
वाय मात्र लबाड:
शेजारी स्वर असला तर जागचा हलत नाही,
व्यंजन असलं की नाव बदलून बसतो.

मागच्या बाकावरून दीपेश:
"सर, आपला बी स शेच ना.
बैल येतस. बाया जातस."
वर्ग हसला. मी नाही.
अकरा वर्षं शिकवतोय, घरी हीच बोली,
आणि हा स मला कधी ऐकूच आला नव्हता.
(एकटा बैलही 'येस' असतो,
हे तेव्हा त्याला सांगितलं नाही.)

सोमवारी चाचणी. त्याच्या पेपरात
'माय फादर्स', पुढे 'आर',
पुढे मार्केट यार्ड, मापाडी.
"बाप किती रे तुला?"
"एक."
"मग हा एस?"
अंगठ्याने फरशी कोरत म्हणाला,
"जिभाऊ येतस, सर.
येस म्हनं ते माय मारी."

इंग्रजीत मानाचा एस नसतो, मी सांगितलं,
बाप असो की बादशहा, एकाला एकच.
अर्धा गुण कापला.
तो दिवसभर
दातात अडकलेल्या कोंड्यासारखा जिभेला लागत राहिला.

संध्याकाळी यार्डात गेलो, दादरचं पोतं घ्यायला.
जिभाऊ काट्यापाशी उभे होते,
भुवयांवर धूळ, कानामागे पेन्सिल.
पहिल्या पोत्याला ते 'एक' म्हणत नाहीत.
"लाभ," म्हणतात, लांबवून,
मग दोन, मग तीन,
आणि पुढे नुसता आवाज.
माझं पोतं एकच.
"लाभ," म्हणाले, आणि थांबले.
मग हळूच, "आमना दीपेश कसा शे, मास्तर?"

"हुशार शेतस," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं.
एक बोट वर करून म्हणाले,
"एकच आंडोर शे मना."